जेम्स वॉट, किटलीचे झाकण आणि गार ठेवलेले भांडे

मुक्ता_नाशिक
नमस्कार. माझा मुलगा सहावीत आहे. विज्ञान दिनाला वर्गातल्या प्रत्येकाने एका संशोधकाविषयी पाच मिनिटे बोलायचे आहे आणि त्याने जेम्स वॉट निवडला आहे. त्याने लिहिलेल्या भाषणाची सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे: लहानगा जेम्स चुलीपाशी बसला होता, किटलीचे झाकण वाफेने थडथड उडू लागले, ते पाहून त्याला वाफेच्या शक्तीचा साक्षात्कार झाला आणि पुढे त्याने वाफेचे इंजिन शोधून काढले.

भाषण तपासताना मी थोडे वाचले आणि अडखळले. वॉटचा जन्म 1736 सालचा, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदराच्या गावचा. थॉमस न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन मात्र 1712 पासूनच इंग्लंडमधल्या खाणींतले पाणी उपसत होते. म्हणजे वॉट जन्माला आला तेव्हा वाफेचे इंजिन चोवीस वर्षांचे होते आणि न्यूकोमेन वारल्यालाही सात वर्षे झाली होती. मग झाकण उडताना पाहून वॉटने नेमके काय शोधले?

ही गोष्ट भाषणातून काढून टाकावी असे माझे मत झाले आहे. पण तिच्या जागी काय सांगावे, हे ठरत नाही. वॉटचे स्वतःचे असे नेमके काय होते आणि ते अकरा वर्षांच्या मुलाला समजेल अशा शब्दांत कसे सांगता येईल?

निवृत्त_मास्तर
मुक्ताताई, मी पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि ही गोष्ट दर वर्षी सांगितली. मुले तिच्यामुळे वाफेकडे पाहू लागतात, घरी जाऊन पातेल्यावरचे झाकण हलते का ते बघतात. तारखा आणि पेटंटे त्यांना नंतर कळतातच. गोष्ट काढली तर पाच मिनिटांत उरते ती निव्वळ माहिती, आणि माहिती मुले दुसऱ्या दिवशी विसरतात. माझे मत गोष्ट ठेवावी असेच आहे.

समांतर
मास्तरांविषयी आदर आहे, पण इथे मी मुक्ताताईंच्या बाजूने आहे. माझी तक्रार केवळ ती गोष्ट घडली की नाही एवढ्यापुरती नाही. ती गोष्ट मुलांना चुकीचे विज्ञान शिकवते. झाकण उडते ते वाफेच्या रेट्याने. वॉटचे इंजिन वाफेच्या रेट्यावर चालत नव्हते म्हटले तरी चालेल, ते मुख्यतः वाफ नाहीशी होण्यावर चालत होते.

हे समजायला आधी न्यूकोमेनचे इंजिन डोळ्यांसमोर आणावे लागते. एक उभा सिलिंडर, त्यात दट्ट्या, दट्ट्या साखळीने एका प्रचंड लाकडी तुळईच्या एका टोकाला बांधलेला आणि तुळईच्या दुसऱ्या टोकाला खाणीत उतरणारा पंपाचा दांडा. पंपाच्या वजनाने दट्ट्या वर उचलला जाई आणि सिलिंडरमध्ये वाफ भरे. मग त्याच सिलिंडरमध्ये गार पाण्याची चिळकांडी सोडत. वाफेचे क्षणात पाणी होई, आत जवळजवळ पोकळी निर्माण होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकली. काम करत होती ती बाहेरची हवा. वाफेचे काम एवढेच की आधी जागा भरायची आणि मग ती रिकामी करायची.

1757 च्या सुमारास वॉटला ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करण्यासाठी खोली मिळाली होती. 1763-64 च्या हिवाळ्यात तिथल्या प्राध्यापक अँडरसन यांनी वर्गात दाखवायचे न्यूकोमेन इंजिनाचे छोटे प्रारूप त्याच्याकडे दुरुस्तीला दिले. त्याचा सिलिंडर दोन इंच व्यासाचा होता. वॉटने ते नीट केले, पण चार-सहा ठोके झाले की ते थांबे, कारण बॉयलर एवढी वाफ पुरवूच शकत नव्हता. दुसऱ्या कोणी प्रारूप लहान आहे म्हणून असे होते, असे सांगून ते परत केले असते. वॉटने वाफ मोजायला घेतली. प्रत्येक ठोक्याला किती वाफ खर्च होते आणि सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात किती मावते, याचा हिशेब त्याने मांडला, तेव्हा मावते त्याच्या कितीतरी पट वाफ वाया जात असल्याचे दिसले. गार पाण्याने वाफेबरोबर सिलिंडरचा धातूही गार होत होता आणि पुढच्या ठोक्याची बहुतेक वाफ तो धातू पुन्हा तापवण्यातच संपत होती.

पेच असा होता की चांगली पोकळी हवी तर सिलिंडर गार हवा आणि वाफ वाचवायची तर सिलिंडर उकळत्या पाण्याइतका गरम हवा. एकच भांडे एकाच वेळी दोन्ही कसे असणार? 1765 च्या वसंतात एका रविवारी ग्लासगो ग्रीनच्या मैदानावर फिरताना त्याला उत्तर सुचले, असे त्याने पुढे म्हातारपणी सांगितले. एका भांड्याने हे होणार नसेल तर भांडी दोन करायची. सिलिंडर कायम गरम ठेवायचा, त्याला एका नळीने दुसरे भांडे जोडायचे आणि ते कायम गार ठेवायचे. झडप उघडली की वाफ आपणहून त्या रिकाम्या गार भांड्यात धावत जाईल आणि तिथे तिचे पाणी होईल. रविवारी काम वर्ज्य असल्यामुळे त्याला सोमवारपर्यंत थांबावे लागले. पहिल्या प्रयोगात त्याने सिलिंडर म्हणून शरीरशास्त्राच्या अभ्यासकांची पितळी पिचकारी वापरली होती.

मुक्ताताई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. वॉटचा शोध म्हणजे ते दुसरे, गार ठेवलेले भांडे.

ओवी
समांतर, फार सुंदर समजावलेत. इतकी वर्षे मीसुद्धा वाफ दट्ट्याला ढकलते असेच समजत होते.

मुलाला हे घरात दाखवता येईल. गरम भाजी स्टीलच्या डब्यात भरून लगेच घट्ट झाकण लावले आणि डबा गार झाला की ते झाकण काही केल्या निघत नाही, हा प्रत्येक घरातला अनुभव आहे. आतल्या वाफेचे पाणी झाले, जागा रिकामी झाली आणि बाहेरची हवा झाकणावर बसली. डबा थोडा गरम केला की झाकण सुटते. हेच न्यूकोमेनचे इंजिन, फक्त एका ठोक्याचे.

बगॅसवाला
हा विषय निघाला आणि राहवले नाही. मी सत्तावीस गळीत हंगाम कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात काढले, सुरुवातीला बॉयलर अटेंडंट म्हणून आणि नंतर बॉयलिंग हाउसला, म्हणजे रस आटवण्याच्या विभागात. वॉटचे नाव आमच्याकडे कोणी घेत नाही, पण त्याचे गार भांडे मी रोज पाहिले आहे.

उसाचा रस उघड्या कढईत आटवला की गुळासारखा रंग चढतो, हे सर्वांना माहीत आहे. पांढरी साखर हवी तर रस कमी उष्णतेवर उकळला पाहिजे आणि त्यासाठी तो पोकळीत उकळावा लागतो. व्हॅक्यूम पॅनमध्ये रस साधारण साठ-सत्तर अंशांवर उकळतो. ही पोकळी कशी तयार होते? पॅनमधून निघणारी वाफ वरच्या बाजूला असलेल्या कंडेन्सरमध्ये जाते, तिथे तिच्यावर गार पाण्याचा वर्षाव होतो, वाफेचे पाणी होते आणि जागा रिकामी होते. तेच पाणी खाली येऊन स्प्रे पाँडमध्ये कारंज्यांनी उडवून पुन्हा गार करतात. पॅन गरम, कंडेन्सर गार आणि मध्ये जाड नळी. समांतर यांनी वर्णन केलेली दोन भांडी हीच.

मार्च-एप्रिलमध्ये ऊन वाढले की स्प्रे पाँडचे पाणी हवे तेवढे गार होत नाही. व्हॅक्यूम गेजचा काटा दोन-तीन इंच खाली येतो आणि पॅनमन अस्वस्थ होतो, कारण मग पॅन उतरायला, म्हणजे रस आटून साखर तयार व्हायला, उशीर लागतो. बॉयलर पूर्ण जोरात असतो, वाफ हवी तेवढी असते, पण गार पाणी नसते म्हणून काम अडते. यंत्राला उष्णतेइतकीच गारव्याची गरज असते, हे मी पुस्तकात वाचण्याआधी त्या काट्यावर शिकलो. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचे ते मोठे कूलिंग टॉवर लांबून दिसतात ना, ते टर्बाइनच्या कंडेन्सरचे पाणी गार करण्यासाठीच उभे आहेत. आज वीज तयार करतानाही वाफेसाठी वेगळे गार भांडे लागतेच.

चाकोरीबाहेर
चर्चा उत्तम चालली आहे, पण वॉटचे कौतुक एकतर्फी होऊ नये म्हणून लिहितो. त्याने 1769 मध्ये पेटंट घेतले, 1775 मध्ये संसदेकडून खास कायदा करवून घेऊन त्याची मुदत 1800 पर्यंत वाढवली आणि पंचवीस वर्षे इतरांचे हात बांधून ठेवले. जोनाथन हॉर्नब्लोअरने दोन सिलिंडरांचे इंजिन केले, पण त्यालाही वेगळा कंडेन्सर लागत असल्यामुळे प्रकरण न्यायालयात गेले आणि हॉर्नब्लोअरच्या पदरी निराशा आली. उच्च दाबाच्या वाफेला वॉटचा आयुष्यभर विरोध होता. त्याचे पेटंट संपल्यावर लगेच 1801 मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकने रस्त्यावर वाफेची गाडी चालवली आणि 1804 मध्ये वेल्समध्ये रुळांवरून वाफेच्या इंजिनाने गाडी ओढली. आगगाडी ही वॉटची देणगी आहे असे मुलांना सांगितले जाते, तेही खरे नाही. झाकण उडवणारा वाफेचा रेटा खऱ्या अर्थाने वापरला तो ट्रेव्हिथिकने, आणि वॉटने तो वापरायला नकार दिला.

बगॅसवाला
चाकोरीबाहेर, पेटंटाबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. उच्च दाबाबद्दल मात्र बॉयलरपाशी उभा राहिलेला माणूस म्हणून वॉटची बाजू मांडतो. त्या काळचे बॉयलर म्हणजे हाताने ठोकून, रिव्हेट मारून जोडलेले पत्रे. आज आमच्या बॉयलरची दर वर्षी सरकारी निरीक्षकाकडून तपासणी होते, पाण्याच्या दाबाने चाचणी होते, सेफ्टी व्हॉल्व्ह सील होतो आणि मगच अग्निप्रदीपन होते. तरीही गेज ग्लासमधली पाण्याची पातळी दिसेनाशी झाली की पोटात गोळा येतो. 1803 मध्ये ग्रीनिच येथे ट्रेव्हिथिकच्याच एका इंजिनाचा बॉयलर फुटून चार माणसे दगावली होती. वॉटच्या भीतीला आधार होता. दुसऱ्याला वाट न देणे ही चूक मानता येईल, पण भीती ही चूक नव्हती.

चाकोरीबाहेर
हा मुद्दा मला पटला. भ्याड हा शब्द मी मनात योजला होता, तो मागे घेतो.

दस्तऐवज
कल्पना 1765 ची आणि पहिली मोठी इंजिने चालू झाली 1776 मध्ये. मधल्या अकरा वर्षांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मते वॉटच्या आयुष्याचा गाभा त्याच वर्षांत आहे.

पिचकारीवर जमलेली गोष्ट मोठ्या सिलिंडरवर जमेना. न्यूकोमेनच्या इंजिनात दट्ट्याच्या वर पाण्याचा थर ठेवून फटी बुजवता येत, कारण तिथे सिलिंडर गार झाला तरी चालत असे. वॉटला पाणी वापरता येत नव्हते. त्याने तेलात भिजवलेल्या चिंध्या, बुचाचे लाकूड, कागद, जुन्या टोप्यांचे नमदे, इतकेच काय घोड्याची लीदसुद्धा फटी बुजवायला वापरून पाहिली. सिलिंडरच धड गोल नसे, तिथे भरण काय करणार? पैसा पुरवणारे जॉन रोबक 1773 मध्ये दिवाळखोर झाले. पोट भरण्यासाठी वॉट कालव्यांची मोजणी करत स्कॉटलंडभर हिंडत होता. त्याच वर्षी तो उत्तरेकडे अशाच एका मोजणीवर असताना पत्नी मार्गारेट बाळंतपणात वारली आणि तो पोहोचेपर्यंत सारे संपले होते.

1774 मध्ये तो बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनकडे आला. रोबकच्या देण्यापोटी बोल्टनने पेटंटातला वाटा घेतला होता. बोल्टनचा सोहो येथला कारखाना बटणे, बकले आणि चांदीच्या वस्तू बनवत असे आणि त्याच्याकडे हाताला अचूकपणाची सवय असलेले कारागीर होते. त्याच सुमारास जॉन विल्किन्सनने तोफांच्या नळ्या कोरण्यासाठी नवे यंत्र तयार केले होते. त्याच पद्धतीने कोरलेला पन्नास इंच व्यासाचा सिलिंडर कुठेही जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीइतकाही चुकत नाही, असे समाधान बोल्टनने व्यक्त केले. घोड्याच्या लिदीने जे साधले नाही ते तोफेच्या कारागिरीने साधले. ते नसते तर वेगळा कंडेन्सर आज ग्लासगोच्या संग्रहालयातली एक चमत्कारिक वस्तू म्हणून उरला असता.

समांतर
दस्तऐवज, तुम्ही फार महत्त्वाची भर घातलीत. कॉर्नवॉलमधला व्यवहारही याला जोडून सांगावा असा आहे. तिथे कथील आणि तांब्याच्या खाणी खोल, पाणी भरपूर आणि कोळसा मात्र बाहेरून आणावा लागे. बोल्टन आणि वॉट खाणमालकाला सांगत, की आमच्या इंजिनामुळे जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश आम्हाला द्या. ठोके मोजण्यासाठी तुळईवर कुलूपबंद पेटीत मोजणीयंत्र बसवलेले असे. प्रारूपाची वाफ मोजणाऱ्या माणसाने शेवटी आपला मोबदलाही मोजूनच घेतला.

विहिरीकाठी
मी शेतकरी आहे आणि यातले बरेच मला आजच कळले. एक शंका विचारतो. आमच्याकडे सगळे जण तीनची मोटर, पाचची मोटर, साडेसातची मोटर असेच बोलतात. हा एच.पी. वॉटने ठरवला असे ऐकले आहे, ते खरे का? आणि घोडाच का घेतला? आमच्या आजोबांची मोट बैलांची होती.

समांतर
खरे आहे. 1780 च्या दशकात वॉटची इंजिने खाणीबाहेर, गिरण्या आणि दारूभट्ट्यांकडे जाऊ लागली. तिथे जाते फिरवायला घोडे असत आणि मालकाचा साधा प्रश्न असे, की हे इंजिन माझे किती घोडे वाचवील? म्हणून वॉटने घोड्याचे काम आकड्यात बसवले: एका मिनिटात 33,000 पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. आपल्या मापात सांगायचे तर साधारण 76 किलो वजन दर सेकंदाला एक मीटर वर उचलणे. सामान्य घोडा दिवसभर एवढे काम करू शकत नाही, त्यामुळे इंजिन घेणाऱ्याचे नुकसान होत नसे.

पुढे 1882 मध्ये ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेने शक्तीच्या एककाला वॉटचेच नाव दिले. तुमच्या पाचच्या मोटरला 746 ने गुणले की 3,730 वॉट होतात. घोड्याचे माप त्याने दिले आणि आज मोटरच्या पाटीवर दोन्ही मापे शेजारी शेजारी असतात.

विहिरीकाठी
धन्यवाद, समांतर. आता विहिरीवर गेलो की पाटी वाचीन. मोटेशी ताडून पाहिले. आजोबांची मोट दोन बैलांची होती आणि एक खेप वर येऊन पाटात ओतेपर्यंत बैल धावेवरून खाली उतरून पुन्हा मागे सरकत येत. त्या मागे येण्याच्या वेळात पाणी येत नसे. मोटरला मागे सरकावे लागत नाही, हा फरक मला घोड्यांच्या आकड्याइतकाच मोठा वाटतो.

वीज येण्याआधी आमच्याकडे डिझेलचे इंजिन होते. हँडल मारून सुरू करायचे. त्यावर गव्हर्नर असायचा. एकदा पंपाचा पट्टा तुटला, बोजा गेला आणि इंजिन क्षणभर पिसाट पळाले, पण लगेच आपोआप आवरले. वडील म्हणाले, गव्हर्नरने धरले. हाही वॉटचाच का?

समांतर
मोटेचा तुमचा मुद्दा अचूक आहे आणि वॉटलाही तोच छळत होता. त्याच्या पहिल्या इंजिनात दट्ट्या खाली येतानाच काम करी, वर जाताना नुसता परत येई. 1782 मध्ये त्याने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वाफ देण्याचे पेटंट घेतले आणि इंजिनाची खेप रिकामी जाणे थांबले.

गव्हर्नरची मूळ कल्पना त्याची नाही. पवनचक्क्यांच्या जात्यांवर फिरत्या गोळ्यांची युक्ती आधीपासून होती. वॉटने 1788 मध्ये ती इंजिनाला लावली. एका उभ्या दांड्याला दोन लोंबते गोळे असतात. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि वर उचलले जातात. त्यांच्याबरोबर एक कडे सरकते आणि ते वाफेची झडप थोडी मिटते. वेग उतरला की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. तुमच्या इंजिनात गोळ्यांऐवजी वजने आणि वाफेऐवजी डिझेल, बाकी काम तेच. वॉटने त्यावर पेटंट घेतले नाही.

त्याला स्वतःला सर्वांत जास्त अभिमान वाटत होता तो तिसऱ्याच गोष्टीचा. दोन्ही बाजूंनी जोर आल्यावर दट्ट्याला तुळई ओढायचीही होती आणि ढकलायचीही होती. साखळीने ओढता येते, ढकलता येत नाही. दांडा सरळ रेषेत वर-खाली जातो, तर तुळईचे टोक कमानीत फिरते. 1784 मध्ये त्याने काही पट्ट्या अशा जोडल्या की कमानीत फिरणाऱ्या टोकांमधला एक बिंदू जवळजवळ सरळ रेषेत चालतो. प्रसिद्धीची फारशी हाव नसली तरी या जोडणीचा आपल्याला इतर कोणत्याही यांत्रिक शोधापेक्षा अधिक अभिमान वाटतो, असे त्याने मुलाला कळवले होते. माझे इथले टोपणनाव त्या 'समांतर गती'वरूनच घेतले आहे.

बर्मिंगहॅमवासी
मी नोकरीनिमित्त बर्मिंगहॅममध्ये राहतो. इथल्या थिंकटँक या विज्ञान संग्रहालयात बोल्टन आणि वॉट यांचे 1779 चे स्मेथविक इंजिन आहे. कालव्याच्या पायऱ्यांवरून बोटी उतरताना खाली गेलेले पाणी पुन्हा वर चढवण्याचे काम ते 1891 पर्यंत, म्हणजे एकशे बारा वर्षे करत होते. वाफेवर ते हलताना पाहिले तेव्हा मला आश्चर्य वाटले ते त्याच्या संथपणाचे. तुळई एखाद्या म्हाताऱ्या माणसाने उठावे तशी उठते, क्षणभर थांबते आणि दीर्घ उसासा टाकून खाली येते. आगगाडीच्या इंजिनाची धडधड अपेक्षित धरून गेलो होतो. समांतर यांचे स्पष्टीकरण वाचल्यावर तो उसासा म्हणजे वाफ गार भांड्यात शिरल्याचा आवाज असावा असे वाटू लागले आहे.

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये वॉटची माळ्यावरची खोलीही जशीच्या तशी मांडलेली आहे. 1800 मध्ये त्याने धंद्यातून अंग काढून घेतले आणि 1819 मध्ये मरेपर्यंत हँड्सवर्थच्या घराच्या माळ्यावर तो पुतळ्यांच्या प्रतिकृती कोरणारी यंत्रे करत राहिला. एक टोक मूळ मूर्तीवरून फिरवायचे आणि दुसऱ्या टोकाचे पाते तोच आकार दगडात कोरते. पूर्वी, 1780 मध्ये, त्याने पत्राची ओल्या पातळ कागदावर नक्कल उठवणारे दाबयंत्र केले होते. तेव्हापासूनच त्याला नकलांचे वेड असावे. 1804 मध्ये त्याचा लाडका मुलगा ग्रेगरी क्षयाने गेला. त्या खोलीत ग्रेगरीची ट्रंक आहे. काचेपलीकडे ती दिसली आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही.

चाकोरीबाहेर
बगॅसवाला यांनी साखरेचा विषय काढला म्हणून एक अप्रिय गोष्टही नोंदवून ठेवतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोल्टन आणि वॉट यांच्या याच कंपनीची इंजिने वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांकडे रवाना होत होती आणि त्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. इंजिन चरकाचे काम करी, पण ऊस तोडणारे हात गुलामांचेच होते. सहावीच्या भाषणात हे बसणार नाही, पण आपल्या चर्चेत ते असले पाहिजे.

बगॅसवाला
असलेच पाहिजे. ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे थंडीत फडात उतरताना मी पाहिल्या आहेत. चरक कितीही वेगाने फिरला तरी त्याच्या तोंडाशी ऊस कोण आणून टाकतो, हे विसरता येत नाही.

निवृत्त_मास्तर
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. गार भांड्याची कल्पना मला पटली आणि माझी गोष्ट मुलांना उलट्या दिशेला नेत होती हेही पटले. तरी मन अजून अडते. मुलाला सुरुवातीला धरायला काहीतरी डोळ्यांसमोर हवे. पितळी पिचकारी त्याने पाहिलेली नसते, कंडेन्सर तर नाहीच.

दस्तऐवज
मास्तर, तुमची गोष्ट तुम्हाला परत मिळू शकते. किटलीची हकीकत मुळात कुठून आली ते सांगते. वॉटच्या मावस-आतेनात्यातल्या एका बहिणीने 1798 मध्ये त्याच्या लहानपणीच्या आठवणी लिहून काढायला लावल्या, त्यांत ती आहे. घटना घडली तेव्हापासून मध्ये जवळजवळ अर्धशतक गेले होते, त्यामुळे तिच्यावर किती विसंबावे हा प्रश्न राहतोच. पण त्या आठवणीत काय आहे ते पाहा. संध्याकाळी चहाच्या टेबलापाशी त्याची मावशी त्याला रागावते की असा आळशी मुलगा मी पाहिला नाही, इतका वेळ तू एक शब्द बोलला नाहीस, नुसते किटलीचे झाकण काढतोस आणि ठेवतोस, कधी कप तर कधी चांदीचा चमचा वाफेवर धरतोस आणि पडणारे पाण्याचे थेंब मोजत बसतोस.

त्यात वाफेने उडणारे झाकण नाही. झाकण तो स्वतः काढतो. तो पाहतो आहे ते वाफ गार चमच्यावर आल्यावर तिचे होणारे पाणी, आणि तो थेंब मोजतो आहे. उडते झाकण नंतरच्या सांगणाऱ्यांनी घातले आणि चमचा गाळला.

समांतर
दस्तऐवज, हे मला ठाऊक नव्हते. गार चमचा म्हणजे कंडेन्सरच.

निवृत्त_मास्तर
पस्तीस वर्षे मी झाकण सांगितले आणि चमचा वगळला. शेजारची दोन मुले संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येतात, त्यांना आजच चमच्यासकट सांगतो. मुक्ताताई, तुमच्या मुलालाही गोष्ट ठेवायला सांगा, फक्त ही ठेवायला सांगा.

मुक्ता_नाशिक
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री चहाचे आधण ठेवले आणि त्याच्या हातात फ्रीजमधून काढलेली स्टीलची पळी दिली. पहिले थेंब भराभर पडले. पळी तापली तसे ते कमी झाले आणि मग जवळजवळ थांबले. मी काही सांगण्याआधीच तो म्हणाला, की आता हिला पुन्हा गार करावे लागेल. न्यूकोमेनची अडचण त्याला पळीनेच समजावली. भाषणाची सुरुवात आता तशी आहे.

त्याने मला एक प्रश्न विचारला आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. ते गार भांडे थोड्या वेळाने पाण्याने भरून जाईल, मग वाफ शिरणार कुठे? ते पाणी बाहेर कोण काढत होते?

बगॅसवाला
मुक्ताताई, मुलाला माझी शाबासकी सांगा, कारण याच प्रश्नावर कंडेन्सर चालतो किंवा बंद पडतो. आमच्या कारखान्यात कंडेन्सर उंचावर असतो आणि त्याखाली दहा-अकरा मीटरची उभी नळी असते. तिच्यात उभ्या राहिलेल्या पाण्याच्या वजनाने जादा पाणी आपोआप खालच्या टाकीत उतरते आणि बाहेरची हवा ते वर ढकलू शकत नाही.

वॉटने मात्र त्या भांड्याला एक पंप जोडला. नुसते पाणी काढून भागत नाही, कारण पाण्याबरोबर थोडी हवाही आत येते. हवेचे गार होऊन पाणी होत नाही, ती साठत जाते आणि पोकळी बिघडवते. म्हणून पाणी आणि हवा दोन्ही ओढणारा पंप लागतो आणि त्याला वायुपंपच म्हणत. तो चालवायला वेगळा माणूस नव्हता. पंपाचा दांडा इंजिनाच्याच तुळईला अडकवलेला होता, त्यामुळे तुळई जेवढ्या वेळा हले तेवढ्या वेळा तो भांडे रिकामे करी. चित्र काढायचे असेल तर दट्ट्याच्या दांड्याच्या बाजूला, तुळईच्या मध्याकडे थोडे सरकून, तो एक बारीक दांडा खाली सोडलेला दाखवा.